पान टाकलं की तोंड मिटलं

३ मार्च, रविवार संध्याकाळ

भोंग्या,

आज तुला मायना लिहायची माझी इच्छा नाही. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ म्हणून पत्र तरी लिहितोय, एवढ्यावर समाधान मान. बसमधून तू दोनदा फोन केलास, दोन्ही मी कापले. तिसराही कापीन. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि आज मला तुझा आवाज नको आहे.

चार वर्षं माझ्या घरी रविवारी दुपारी पोकरचा डाव बसतो. शर्टाच्या बटणांवर खेळतो आपण, म्हणजे कुणी भिकेला लागत नाही. आमच्या घड्याळांच्या दुकानाचे मालक, शेजारच्या भूगोलबाई आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू. चपलांच्या कपाटावर पुठ्ठा टांगलाय, त्यावर नियम लिहिलेत. तुला वाचता येतं ना? पहिला नियम: पान टाकलं की तोंड मिटलं. ज्याने पानं टाकली तो त्या डावापुरता मेला, आणि मेलेला माणूस बोलत नाही. दुसरा नियम: चालू डावात दुसऱ्याच्या पानांवर, चेहऱ्यावर, सवयींवर बोलायचं नाही. जे दिसेल ते आपल्यापाशी ठेवायचं.

आज दुपारी तू पानं टाकलीस. गप्प बसून बिस्किटं खायची होतीस. डावात मी आणि मालक उरलो होतो, बाई अजून विचार करत होत्या. मी बटणांचा ढीग पुढे सरकवला. आणि तू, मेलेला माणूस, खुर्चीवरून अर्धा उठून ओरडलास, "टाका हो मालक, टाका! भाऊजींचा हात बघा कसा थरथरतोय! हात थरथरला की यांच्याकडे राजेराण्यांचा दरबार भरलेला असतो. मी वर्षभर बघतोय!"

मालकांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि माझ्या हाताकडे बघितलं. पानांकडे नाही, हाताकडे. मग पानं टाकली, आणि अर्ध्या तासात काम आहे सांगून उठून गेले. चार वर्षांत ते पाचच्या आधी कधी उठलेले नाहीत.

तू माझ्या टेबलावर परत बसायचं नाहीस. ताईला भेटायला ये, जेव, जा. पत्त्यांना हात लावायचा नाही.

तुझा मेहुणा


८ मार्च

भाऊजी,

नमस्कार करतोय, घ्यायचा तर घ्या, नाहीतर परत पाठवा.

अहो, काय हे! डाव जिंकलं कोण? तुम्ही! बटणांचा अख्खा डोंगर कुणाकडे गेला? तुमच्याकडे! मालकांनी पानं टाकली, बाईंनी टाकली, आणि हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. माझं तोंड सुटलं, मान्य. पण तुमचं त्यात नुकसान काय झालं? माझ्यामुळे जिंकून वर मलाच घराबाहेर काढता! करून सवरून आम्हीच वाईट!

आणि तो नियमांचा पुठ्ठा. तो कुणी आणला? मी आणला, भाऊजी. आमच्या खोक्यांच्या कारखान्यातला, सगळ्यात जाड, मी स्वतः मशीनवर कापलेला. माझ्याच पुठ्ठ्यावर नियम लिहून मलाच हाकलताय. बरं, नियम तरी सगळ्यांना सारखे आहेत का? गेल्या वर्षी तुम्ही गुपचूप पाचवा नियम घुसडलात: यजमान पत्ते वाटणार नाही. तेव्हा कुणी ब्र काढला? तुम्ही राजासारखे बसून राहता आणि आम्ही पिसा, वाटा, गोळा करा. मी तेव्हाही गप्प बसलो.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती आता सांगतोच. तुमचा हात थरथरतो हे माझ्या वर्षभरापूर्वीच लक्षात आलं. मी आमच्या फोरमनला विचारलं, तो पट्टीचा खेळणारा आहे. तो म्हणाला, भारी पानं आली की पक्क्या माणसाचाही हात हलतो, चेहरा ठेवता येतो पण हात नाही. तेव्हापासून तुमचा हात हलला की मी पानं टाकत आलोय. एकदा माझ्याकडे तीन राण्या होत्या, तीन! तुम्ही बटणं सरकवताना हात हलला आणि मी राण्या टाकल्या. आणि कुणाला सांगितलं का? मालकांना नाही, बाईंना नाही, ताईला पण नाही. टेबलावर एवढी माणसं बसतात, पण हे फक्त माझ्या नजरेत आलं. ते मी वर्षभर पोटात ठेवलं. एका रविवारी ओठावर आलं तर एवढा कांगावा?

एक विचारू? तुमचं अक्षर म्हणजे छापील. घड्याळजी माणूस, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा. पण या पत्रात ओळी चढल्यात, उतरल्यात, एक वेलांटी तर शेजारच्या शब्दावर जाऊन बसलीय. इतका राग? रागाने माणसाचा हात इतका कापतो हे मला माहीत नव्हतं. जरा पाणी प्या.

पुढच्या महिन्यात मी येणार, आणि टेबलावरच बसणार. बघू कोण उठवतं ते.

तुमचा,
भोंगा (हे नाव तुम्हीच ठेवलंय, आता आवाजाची तक्रार करू नका)


१३ मार्च, सकाळी आठ

भोंग्या,

अक्षर बघ. छापील आहे ना? सकाळी आठला लिहितोय म्हणून. मागचं पत्र रविवारी संध्याकाळी लिहिलं होतं. त्यात राग होता, पण रागाने अक्षर बिघडत नाही. राग आता दुप्पट आहे, आणि तरी एकही वेलांटी हललेली नाही.

माझ्या हातात त्या दिवशी काय होतं ते ऐक. चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री. टेबलावरच्या एकाही पानाशी त्यांचा संबंध नव्हता. मी सरळ थाप मारत होतो. मालकांनी मला पकडलं असतं, मी हरलो असतो, हसलो असतो, चहा घेतला असता. तो डाव मला हरायचा होता, गाढवा. तू मला जिंकवलंस.

हात पानांमुळे थरथरत नाही. राजा असला तरी थरथरतो आणि दुर्री असली तरी थरथरतो. चहा ढवळताना, शर्टाची बटणं लावताना, कुलपात किल्ली घालताना थरथरतो. दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, कागदावर गोल काढायला लावला, आणि रोगाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. गोळ्या घेतो. सकाळी अकरापर्यंत हात शहाण्यासारखा वागतो, दुपारनंतर ऐकत नाही.

तर मी काय केलं? एकतीस वर्षं ज्या खिडकीपाशी बसलोय, तिथेच कामाची वाटणी बदलली. नाजूक काम अकराच्या आत. दुपारी पट्टे, काचा, सेल. मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल. दीड वर्षात एक घड्याळ बिघडवलं नाही की एक गिऱ्हाईक परत आलं नाही. ताईला सांगितलंय मान आखडते. घरी पत्ते पिसता येईनात तेव्हा पाचवा नियम केला. तो राजासारखं बसायला केला नव्हता.

आणि तू ओरडलास. मालकांच्या समोर. रविवारी दुपारी तीनला, म्हणजे माझ्या हाताची सगळ्यात वाईट वेळ.

सोमवारी दुपारी मालकांनी एक नखाएवढं लेडीज घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मागे उभे राहिले. एकतीस वर्षांत ते कधी माझ्या मागे उभे राहिले नव्हते. मी म्हणालो, उद्या सकाळी करतो. ते म्हणाले, आत्ताच बघा ना. मी भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला, आणि स्क्रू उडाला. तिळाएवढा स्क्रू. आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवत होतो, आणि दोघांनाही माहीत होतं की आम्ही स्क्रू शोधत नाही आहोत.

मंगळवारी माझी खुर्ची काउंटरवर होती. मी आता घड्याळांचे पट्टे विकतो. गिऱ्हाइकाला विचारतो, काळा की तपकिरी? या रविवारी मालक खेळायलाही आले नाहीत. सर्दी झाली म्हणे.

आता सांग, नुकसान काय झालं?

ताईला यातलं एक अक्षर कळलं तर मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही. आत्ता तरी करणार आहे असं नाही.


१८ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र कारखान्यात मशीनपाशी वाचलं. मशीन चालू ठेवून उभाच राहिलो. शंभरएक खोकी वाकडी कापली गेली तेव्हा फोरमनने येऊन बटण बंद केलं. त्याला मी वाट्टेल ते बोललो. तुझ्या अकलेला आग लाव म्हणालो. तो बिचारा काय करणार, त्याने पत्त्यांबद्दल सांगितलं होतं. माणसाबद्दल मी विचारायला हवं होतं.

चुकलो. हा शब्द मी कधी लिहीत नाही, तो लिहिला. पण आता माझाही राग ऐकून घ्या, कारण तो मला गिळता येत नाही. दीड वर्ष! अहो, ताईच्या लग्नात तुमच्या कडेवर बसून फोटो काढलेला मी. मला सायकल तुम्ही शिकवलीत, मशीनवर नोकरीला चिकटवलंत तुम्ही. आणि दीड वर्ष माझ्यासमोर बसून मान आखडली म्हणून थापा मारल्यात? सांगितलं असतंत तर माझं तोंड मी शिवून घेतलं असतं. मला माहीतच नव्हतं की ते झाकायचं आहे. मला वाटलं ती पानांची गंमत आहे. आजारी माणसाला बघून मी वर्षभर मनात हसत होतो, भाऊजी. किती हुशार मी, म्हणत होतो. ते आठवलं की जेवण जात नाही.

आणि तुमचे मालक! एकतीस वर्षं या हातांवर दुकान चाललं आणि एका स्क्रूवरून खुर्ची काढली? दुपारी तीनला परीक्षा घेतात? त्यांची मी परीक्षा घेतो म्हटलं.

म्हणून मी काल त्यांना फोन केला.

थांबा, फाडू नका. मी भांडलो नाही. मी डोकं चालवलं. मी सांगितलं, अहो मालक, तुम्ही फसलात! भाऊजींचा हात काही थरथरत नाही, ते मुद्दाम थरथरवतात. पत्त्यांतली युक्ती आहे त्यांची, समोरच्याला भारी पानं वाटावीत म्हणून. सोमवारी स्क्रू उडाला तो तुम्ही मागे उभे राहिलात म्हणून, कुणाचाही उडेल. मी हे इतकं छान सांगितलं की माझाच विश्वास बसला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, पुढच्या रविवारी बघू." म्हणजे ते येणार आहेत. म्हणजे काम झालं! तुम्ही फक्त रविवारी पानं टेबलावर ठेवून खेळा, हातात धरू नका.

ताईला काही बोललो नाही. देवाशपथ.

तुमचा,
आता नाव लिहायचीही लाज वाटते


२५ मार्च

भोंग्या,

हे पत्र तुझ्या ताईच्या अक्षरात आहे, ते तू ओळखलंच असशील. मी बोलतोय, ती लिहितेय. का, ते पुढे येईल. मध्ये मध्ये ती आपलं घुसडणार आहे, तिला कुणाचा नियम लागू नाही.

पहिल्यांदा तुझ्या फोनबद्दल. तुला कुणी विचारलं होतं? आधी तू मला दुबळा ठरवलंस, मग त्यावर उपाय म्हणून लबाड ठरवलंस. वर्षभर मी टेबलावर नाटक करून लोकांची बटणं लुबाडली असं तू माझ्या मालकांना सांगितलंस. आगीतून काढून फुफाट्यात टाकलंस. तुझं पत्र वाचून मी हातातली किल्ली फेकली. ती अजून सापडलेली नाही. (सापडली. पिठाच्या डब्यामागे. ताई.)

काल मालक आले. बाई आल्या. रविवारचा डाव मोडला तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी टेबल मांडलं होतं. बाईंनी पत्ते वाटले. मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे पानं टेबलावर ठेवून खेळत होतो आणि स्वतःचीच शिसारी येत होती. तिसऱ्या डावात मालक म्हणाले, "तुमच्या मेहुण्याचा फोन आला होता." चालू डावात म्हणाले. मालकांनी नियम मोडला, भोंग्या, ज्यांनी चार वर्षांत जांभई देखील डाव संपल्यावर दिली.

मग मीही मोडला. पानं उलटी केली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "हे बघा. नाटक नाही. दीड वर्ष असंच आहे. पण सकाळी अकराच्या आत हे हात तुमच्या दुकानातल्या कुणाहीपेक्षा चांगले चालतात, आणि तुम्ही माझी परीक्षा दुपारी तीनला घेतलीत." माझा आवाज चढला होता. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

मालक काय म्हणाले ते तुला शब्दाला शब्द सांगतो. म्हणाले, "मला माहीत आहे. वर्षभर माहीत आहे. टॉवेल दिसतो मला. तुम्ही अकराच्या आत काय करता आणि नंतर काय करता, ते दिसतं. म्हणून तर नाजूक घड्याळं सकाळी तुमच्या पुढ्यात ठेवायला मीच दुकानातल्या पोराला सांगितलं होतं."

मी म्हणालो, मग?

"मग तुमच्या मेहुण्याने ते मोठ्याने म्हटलं," मालक म्हणाले. "बाईंच्या समोर. बाईंच्या वडिलांचं घड्याळ आपल्याकडे दुरुस्तीला आहे. जोवर कुणी बोललं नव्हतं तोवर मला न बघितल्यासारखं करता येत होतं. गिऱ्हाइकासमोर बोललं गेल्यावर ते कसं करणार? उद्या काही बिघडलं तर माहीत असून यांच्या हातात दिलंत, असं कुणीही म्हणेल. सोमवारी मी मागे उभा राहिलो ते स्क्रू उडावा म्हणून नाही. उडू नये म्हणून उभा होतो."

तेव्हा बाई बोलल्या. भूगोलबाई डावात तोंड उघडत नाहीत हे तुला माहीत आहे, शाळेत तीस वर्षं इतरांना गप्प करून त्या स्वतः गप्प बसायला शिकल्या. त्या म्हणाल्या, "मालक, मला तर पाचवा नियम लिहिला त्याच दिवशी कळलं. पुठ्ठ्यावरच्या पहिल्या चार नियमांचं अक्षर बघा आणि पाचव्याचं बघा. त्यानंतरच मी वडिलांचं घड्याळ यांच्याकडे दिलं. यांच्याकडेच द्यायचं होतं, यांना जमतंय तोवर. मी बोलले नाही, कारण दुसरा नियम तिथेच वर लिहिलाय."

मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तुमच्या शर्टाची वरची दोन बटणं गेल्या हिवाळ्यापासून मी लावून ठेवते, तुम्ही शर्ट डोक्यावरून घालता. मान आखडलेला माणूस डोक्यावरून शर्ट घालतो होय?" (हे मी अस्संच म्हणाले. आणि रडले नाही. नंतर रडले. ताई.)

तर कळलं का तुला, भोंग्या? तू लिहिलं होतंस की एवढी माणसं बसतात पण हे फक्त तुझ्याच नजरेत आलं. सगळ्यांच्या नजरेत आलं होतं. मालकांच्या, बाईंच्या, ताईच्या. तिघांनी तीन बाजूंनी धरून ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं मी एकटाच लपवतोय. टेबलावर फक्त एका माणसाला ते काय आहे हे दिसलं नव्हतं, आणि तोच ओरडला.

खुर्ची परत मिळाली का, हे तू विचारशील. नाही मिळाली. मालक म्हणाले, आता देता येत नाही. मी त्यांना घरातून जा म्हणालो. त्यांनी चहा संपवला आणि मग गेले. बाईंच्या वडिलांचं घड्याळ मात्र त्या आज सकाळी दुकानातून परत घेऊन आल्या, पावती फाडली, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे आता दुकानाचं काम नाही. अकराच्या आत करा, घाई नाही." ते मी उद्यापासून रोज सकाळी थोडं थोडं करणार आहे. कदाचित ते शेवटचं असेल. त्या विचाराने मला तुझा इतका राग येतो की तू आत्ता समोर नाहीस हे बरं आहे.

आता नीट ऐक. सात तारखेला तू येणार आहेस. माझ्या टेबलावर बसायचं नाहीस असं मी म्हणालो होतो, ते मागे घेतोय. माफ केलं म्हणून नाही. मालक येवोत न येवोत, डाव बसणार आहे. पाचवा नियम मी खोडलाय. यजमानाने वाटायचं, पण यजमानाला पिसता येत नाही. तेव्हा माझे पत्ते तू पिसायचेस, तू वाटायचेस, माझी बटणं तू सरकवायचीस. माझ्या शेजारी बसून. माझी पानं तुला दिसतील, दरबार असो की दुर्री, सगळी.

आणि तोंड मिटलेलं.

तुझा मेहुणा

(राग अजून गेलेला नाही असं शेवटी लिही, म्हणतात. लिहिलं. तू दुपारच्या बसने नको येऊस, सकाळच्या ये. ते घड्याळ उघडून बसतील तेव्हा खिडकीपाशी कुणीतरी भिंग पुसून द्यायला हवं, आणि माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तुझं घेतलं. ताई.)